विहारयात्रा की धम्मयात्रा? : अजिंठा-दर्शनाच्या इतिहासाचा एक विचार

वर्षावास संपून कठिन चीवरदानाचे कार्यक्रम आटोपले, की चांदूर बाजार तालुक्यातील गावोगावच्या विहारांतून सहलींचे बेत सुरू होतात. ज्यांना सवड आहे ते बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर येथे जातात. ज्यांना शेतीच्या कामातून वा मजुरीतून दोन दिवसच काढता येतात, ते अमरावती, अकोला, बुलढाणा या मार्गाने अजिंठ्याला आणि जमल्यास पुढे वेरूळला जातात. लहान मुले, म्हाताऱ्या उपासिका, शिक्षक, शेतमजूर असे सगळे एका गाडीत असतात. फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून लेण्यांपर्यंतच्या बसमध्ये बसायचे, तिकीट काढायचे, पायऱ्या चढायच्या, आणि मग तीन-चार तास कोणी तरी दाखवील ते पाहायचे, असा हा प्रवास असतो.

या तीन-चार तासांत कोण बोलतो आणि काय बोलतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा प्रश्न लहान वाटतो. परंतु शाळेतून इतिहास न शिकलेल्या माणसाच्या मनात अजिंठ्याचा जो इतिहास आयुष्यभर राहतो, तो बहुधा याच तीन-चार तासांत तयार होतो. पवित्र स्थळ दाखविणाऱ्याची परंपरा बौद्ध इतिहासात फार जुनी आहे. ती परंपरा काय होती, आज तिचे काय झाले आहे आणि आपण तिच्याशी कसे वागावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

अशोकाचा शब्दभेद

प्रवासाचे दोन प्रकार सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात स्पष्ट वेगळे केले आहेत. पूर्वीचे राजे 'विहारयात्रे'ला निघत आणि त्या यात्रेत शिकार व तशाच प्रकारच्या अन्य करमणुकी असत, असे तो सांगतो. येथे 'विहार' या शब्दाचा अर्थ भिक्षूंचे निवासस्थान असा नाही, तर मौजेखातर हिंडणे असा आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला आणि तेव्हापासून 'धम्मयात्रा' सुरू झाली. या धम्मयात्रेत काय होत असे, याची यादीही त्याने दिली आहे. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी विचारपूस, असे तिचे स्वरूप होते.

या यादीत इमारतींचे वर्णन नाही, शिल्पांची स्तुती नाही. माणसे आहेत आणि प्रश्न आहेत. 'धंमपरिपुछा' असा शब्द लेखात आला आहे. 'परिपुछा' म्हणजे पालीतील 'परिपुच्छा', आपल्या भाषेत विचारपूस. प्रश्नोत्तरावाचून धम्मयात्रा पूर्ण होत नाही, हा या लेखाचा आशय आहे. या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, ठाण्याजवळच्या सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. यात्रेचा हा नवा अर्थ आपल्या भूमीवरील दगडातही कोरला गेला होता.

पालीतील महापरिनिब्बान सुत्तातही चार स्थळांच्या दर्शनाचा उपदेश आहे: जन्म, संबोधी, प्रथम धम्मदेशना आणि महापरिनिर्वाण यांची ती स्थळे. त्यांना 'दस्सनीय' म्हटले आहे आणि त्याला जोडूनच 'संवेजनीय' म्हटले आहे. केवळ पाहून समाधान पावण्यासाठी ती स्थळे नाहीत. पाहणाऱ्याच्या मनात संवेग उत्पन्न व्हावा, अनित्यतेची जाणीव होऊन त्याने धम्माकडे वळावे, यासाठी ती आहेत.

उपगुप्त : दाखविणारा आणि विचारणारा

अशोकाच्या यात्रेची कथा 'अशोकावदान' या संस्कृत ग्रंथात विस्ताराने आली आहे. तेथे स्थविर उपगुप्त राजाला घेऊन एकेका स्थळी जातात. लुंबिनीवनात आल्यावर ते उजवा हात उचलून भगवंताचा जन्म येथे झाला असे दाखवितात. पुढे ते श्रावकांचे स्तूपही दाखवितात. प्रत्येक स्तूपापाशी राजा आधी विचारतो, की या स्थविरांचा गुण कोणता होता. उत्तर ऐकून मग तो दान देतो. सारिपुत्र, मोग्गल्लान, महाकस्सप यांच्या स्तूपांना विपुल दान मिळते. बक्कुल स्थविरांच्या स्तूपापाशी मात्र राजा एक काकिणी, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे ठेवतो. बक्कुल अल्पेच्छ व निरोगी होते खरे, परंतु त्यांनी दुसऱ्या कोणाला दोन ओळींचीही देशना केली नाही, हे त्याचे कारण. ज्याने जे जाणले ते इतरांना सांगितले नाही, त्याचा आदर करावा, पण त्याला मोठे दान कशासाठी, असा या कथेचा रोख आहे.

अवदान ही नंतरच्या काळात रचलेली कथा आहे, हे विसरून चालणार नाही. पाली महावंसात उपगुप्त येत नाहीत. तेथे राजाचे मार्गदर्शक मोग्गलिपुत्त तिस्स थेर आहेत. परंतु अशोक लुंबिनीला स्वतः गेला होता याला दगडाचा पुरावा आहे. १८९६ साली नेपाळच्या तराईत सापडलेल्या स्तंभावर त्याने लिहविले आहे, की अभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर आपण स्वतः येऊन येथे पूजा केली, कारण शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला. त्याच लेखात लुंबिनी गावाचा कर माफ केल्याचा आणि सारा आठव्या हिश्श्यावर आणल्याचा उल्लेख आहे. राजा आला, पाहून गेला, आणि गावकऱ्यांचे ओझे हलके झाले. धम्मयात्रेचा हा परिणामही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अजिंठ्याची प्रचलित कथा

आता अजिंठ्याकडे येऊ. चांदूर बाजार परिसरातील उपासक-उपासिकांबरोबर तेथे जाण्याचे प्रसंग मला अनेकदा आले. तेथील गाईड हे मेहनती लोक आहेत. दिवसभर पायऱ्या चढत-उतरत ते तीन-चार भाषांत बोलतात. त्यांच्यापैकी काहींचे वाचन चांगले आहे. तथापि बहुतेकांची कथा एकाच ठिकाणी सुरू होते: १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला, समोरच्या कड्यावरून त्याला कमान दिसली आणि हजार वर्षे विस्मृतीत गेलेल्या लेण्यांचा 'शोध' लागला.

या कथेचा गाभा खरा आहे. मद्रास सैन्याच्या २८ व्या घोडदळातील या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील एका रंगविलेल्या स्तंभावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडून ठेवली. ज्या स्तंभावर बुद्धप्रतिमा चितारली आहे, त्याच स्तंभावर ते नाव आहे. त्या काळी लेण्यात गाळ साचलेला असल्याने तो आजच्या जमिनीपेक्षा बऱ्याच उंचावर उभा होता. म्हणून ते खरडणे आज डोळ्यांच्या वर दिसते.

अशोकाच्या शब्दांत सांगायचे तर ही शुद्ध विहारयात्रा होती. शिकार करीत आलेला मनुष्य भिंतीवर आपले नाव टाकून गेला. आणि आज धम्मयात्रेसाठी आलेल्या आपल्या माणसांना अजिंठ्याचा इतिहास त्या नावापासून सांगितला जातो!

'शोध' या शब्दाचेही परीक्षण करावयास हवे. लेण्यांजवळच्या गावाचे नाव लेणापूर आहे. ज्या गावाने आपले नावच लेण्यांवरून घेतले, त्या गावाला लेणी ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? इसवी सनाच्या सातव्या शतकात पुलकेशी दुसरा राज्य करीत असताना चिनी भिक्षू ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता. राज्याच्या पूर्व सीमेवर, डोंगराच्या काळोख्या दरीत एक विहार आहे, त्याच्या भिंतींवर तथागतांच्या चरित्रातील प्रसंग आहेत, दाराबाहेर दगडी हत्ती आहेत आणि एका अर्हताने तो उभारला, असे वर्णन त्याने केले आहे. बहुतेक अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचे मानतात. ते त्याने स्वतः पाहून केले की ऐकून, याविषयी मतभेद आहेत. त्याने दिलेले अर्हताचे नाव 'अचल' असे वाचले जाते. आणि सव्विसाव्या लेण्याच्या लेखात स्थविर अचलाने शास्त्यासाठी शैलगृह करविल्याचा उल्लेख आहे. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती आजही आहेत. सव्विसाव्या लेण्याजवळ राष्ट्रकूट काळातील एका लेखाचे अवशेषही आहेत. म्हणजे पाचव्या शतकात काम थांबले तरी लेणी लगेच कोणाच्या स्मृतीतून गेली नाहीत.

१८१९ नंतर जे घडले त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे तेथे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुसंख्य १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या भारतीय विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा ते काम केले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्यातील लेखांचे वाचन १८६३ साली प्रसिद्ध केले. पुढे नागपूरचे म. म. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे साक्षेपाने संपादन केले. या सर्वांचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र त्यांनी जे वाचले तेच आपल्या कानांवर येत नाही, हे दुर्दैव आहे. स्मिथचे नाव सर्वांना पाठ होते, आणि ज्यांनी लेणी दिली त्यांची नावे दगडात असूनही कोणी उच्चारीत नाही.

दगड काय सांगतात

एका सहलीत आमच्यातील एका वृद्ध उपासिकेने गाईडला विचारले, "भाऊ, हे कोरलं कोनं? त्याईचं नाव काय हाये?" उत्तर आले, "आजी, वाकाटक राजाने." उत्तर अर्धवट होते, प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. दगडांनी त्या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे.

अजिंठ्यात एकूण तीस लेणी आहेत. ती दोन काळांतील आहेत. नऊ व दहा ही चैत्यगृहे आणि बारा, तेरा व १५-अ हे विहार इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील. उरलेली इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. लेण्यांचे क्रमांक काळानुसार नाहीत, जागेनुसार आहेत. गाईड पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतो, तेव्हा आपण पाचव्या शतकात उभे असतो. नवव्या-दहाव्या लेण्यात पोहोचताच पाच-सहाशे वर्षे मागे जातो. हे कोणी सांगितले नाही तर सगळी लेणी एकाच राजाने एकदम कोरविली असे वाटू लागते. आज सर्व लेण्यांना जोडणारी वाटही अलीकडची आहे. पूर्वी वाघूर नदीच्या पात्राकडून प्रत्येक लेण्याला स्वतंत्र पायऱ्या होत्या.

दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर एक छोटा प्राकृत लेख आहे. वासिठीपुत कटहादी याने 'घरमुख' दान दिले, एवढेच तो सांगतो. घरमुख म्हणजे घराचे मुख, दर्शनी भाग. ही भाषा पाली नव्हे, परंतु पालीची सख्खी बहीण आहे आणि आपल्या मराठीची पूर्वज आहे. चांदूर बाजारच्या कोणत्याही उपासिकेला 'घरमुख' हा शब्द भाषांतरावाचून समजतो. बाराव्या लेण्यातील लेख घनामदड नावाच्या एका वाणिजाचा, म्हणजे व्यापाऱ्याचा आहे. खोल्यांसह हे निवासस्थान आपले 'देयधम', म्हणजे धम्मदान असल्याचे तो सांगतो. अशा खोलीला नाशिकच्या लेण्यांतील लेखांत 'ओवरक' म्हटले आहे. आपली 'ओवरी' तीच. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट येथील सामी नावाच्या एका 'वढकी'ने दाराचे काम केल्याची नोंद आहे. वढकी म्हणजे सुतार. वऱ्हाडात आजही आपण त्याला वाढई म्हणतो. एका कारागिराचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे. सातवाहन काळातील लेण्यांत राजांच्या जोडीला अशी सामान्य माणसे उभी आहेत.

पाचव्या शतकातील लेखांचा रंग वेगळा आहे. ते संस्कृत पद्यात आहेत आणि देणारे सत्ताधारी आहेत. सोळावे लेणे वराहदेवाने दिले. तो वत्सगुल्माच्या वाकाटक घराण्यातील हरिषेण राजाचा सचिव होता. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. अजिंठ्याच्या उत्तरकालीन वैभवामागे ज्या राज्याचे बळ होते, त्याची राजधानी वऱ्हाडात होती, ही गोष्ट वऱ्हाडातील प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक असावी. वराहदेवाचे घराणे ब्राह्मणाचे होते, हे जवळच्या घटोत्कच लेण्यातील त्याच्याच लेखावरून कळते. त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्याचे पुण्य आपल्या माता-पित्यांसाठी इच्छिले. वाकाटक राजे स्वतः बौद्ध होते असे मात्र समजू नये. सत्य आहे तेवढेच पुरेसे आहे, त्याला अलंकारांची गरज नाही.

सतराव्या लेण्यातील लेख एका मांडलिक राजाचा आहे. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली मरण पावला. त्या दुःखातून संसाराची अनित्यता जाणून त्याने हे दान केले. आज चित्रांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले हे लेणे मुळात एका भावाच्या शोकातून निर्माण झाले आहे. ते ऐकल्यावर त्या भिंतींकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. 'संवेजनीय' म्हणजे काय, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कोण सांगणार?

सव्विसावे लेणे भिक्षू बुद्धभद्राने करविले. अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्याशी आपला स्नेह अनेक जन्मांचा असल्याचे तो सांगतो. कामाची देखरेख धर्मदत्त आणि भद्रबंधू या भिक्षूंनी केली, हेही त्याने नमूद केले आहे. जगात माणसाची आठवण असेतो तो स्वर्गात आनंदात राहतो. म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक पर्वतात करावे, अशा आशयाचा विचार त्या लेखात आहे. याच लेण्यात सुमारे ७ मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे.

'चंद्रसूर्य असेतो' हे शब्द वाचताना आपल्या घराजवळच्या आणखी एका लेखाची आठवण होते. शेजारच्या अचलपूर तालुक्यातील चम्मक येथे वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतील राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. तोही पाचव्या शतकातील आहे. भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात सांगितले आहे. ते गाव त्यांनी चंद्रसूर्य असेतो उपभोगावे, मात्र राज्याचा द्रोह करू नये, चोरी वा युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, अशा अटी आहेत. एकाच शतकात, एकाच वाकाटक कुळाच्या दोन शाखांच्या छायेत दोन दाने झाली. दोघांनीही चंद्रसूर्याची मुदत मागितली. एका दानाने गावाचे उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्यांसाठी एका वर्णाच्या हाती दिले. दुसऱ्याने डोंगरात एक दार उघडले. ताम्रपटाचा अंमल केव्हाच संपला. ते दार अजून उघडे आहे.

चित्रांची गमावलेली नावे

गाईडच्या तोंडी चित्रांची जी नावे आहेत, त्यांतील काही एकोणिसाव्या शतकातील परदेशी पाहुण्यांनी ठेवलेली आहेत. सोळाव्या लेण्यातील एका प्रसिद्ध चित्राला 'मरणासन्न राजकन्या' म्हटले जाते. वस्तुतः हा तथागतांचा भाऊ नंद याच्या प्रव्रज्येचा प्रसंग असल्याचे अभ्यासकांनी ओळखले आहे. एक मनुष्य नंदाचा मुकुट घेऊन आला आहे आणि ते पाहून त्याची पत्नी कोसळली आहे. पाली उदानातील नंदसुत्तात तिला 'जनपदकल्याणी' म्हटले आहे. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यात तिचे नाव सुंदरी आहे. नाव चुकले की अर्थही हरवतो. मरणाऱ्या अनामिक राजकन्येबद्दल हळहळून आपण पुढे जातो. पण एकाच्या गृहत्यागाने दुसऱ्याच्या वाट्याला काय आले, हा चित्रकाराने मांडलेला प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

सतराव्या लेण्याच्या ओसरीत एक मोठे चक्र चितारले आहे. पूर्वीच्या पाहुण्यांना ते राशिचक्र वाटले आणि लेण्यालाच ते नाव पडले. ते भवचक्र आहे. जन्म, तृष्णा, उपादान, जरा-मरण या प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीचे ते चित्र आहे. लेण्यात प्रवेश करणाऱ्याने प्रथम ते पाहावे म्हणून ते दाराशी काढले. तथागतांच्या मूळ सिद्धांताचे चित्र पाहून ग्रह-राशींची गोष्ट ऐकत परत जाणे, याहून मोठी फसगत कोणती?

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे आणखी एक आनंद आहे. छद्दन्त (जातक क्र. ५१४), महाजनक (क्र. ५३९), वेस्संतर (क्र. ५४७) ही आपण विहारात ऐकलेली जातके भिंतींवर भेटतात. मात्र सर्व चित्रे पाली पाठाप्रमाणे नाहीत. पाली सिवि जातकात राजा आपले डोळे देतो आणि तो प्रसंग सतराव्या लेण्यात आहे. पहिल्या लेण्यात मात्र कबुतरासाठी देहाचे मांस देणारा शिबी आहे. ही कथा पाली जातकसंग्रहात नाही. दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादीच्या चित्राजवळ आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोक रंगाने लिहिलेले आहेत. पालीतील खन्तिवादी जातक (क्र. ३१३) वाचून गेलेल्या माणसाला हे चित्र तत्काळ ओळखू येते. त्यातील तापस राजाच्या क्रौर्यापुढेही क्षांती सोडीत नाही. अन्यायाखाली राहिलेल्या समाजाने ही कथा कशी वाचावी, क्षांती आणि मुकाट्याने सोसणे यांत फरक कोणता, यावर त्या चित्रासमोर उभे राहून खरी धम्मपरिपुच्छा होऊ शकते.

दौलताबादचा पहारेकरी

आपल्या समाजाच्या दृष्टीने स्थळ-दर्शनाचा इतिहास सांगताना १९३४ सालचा एक प्रसंग वगळता येणार नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात तो नोंदविला आहे. चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्याचे ठरले. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी किल्ल्याच्या दाराबाहेरील पाण्याच्या टाक्यापाशी हातपाय-तोंड धुतले. एवढ्यावरून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आला, की यांनी पाणी बाटविले. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाण्याला शिवू देणार नाही काय, असे बाबासाहेबांनी त्यांना खडसावून विचारले तेव्हा जमाव निरुत्तर झाला. शेवटी आत जाण्याची परवानगी मिळाली ती अशी, की किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि तो लावला जाऊ नये म्हणून एक सशस्त्र शिपाई बरोबर दिला गेला.

राजा अशोकाला उपगुप्तांनी हात उंचावून स्थळे दाखविली. आपल्या बापजाद्यांच्या बरोबर दिलेला 'मार्गदर्शक' बंदूक घेऊन होता आणि त्याचे काम काही दाखविण्याचे नव्हते, तर त्यांच्यावर नजर ठेवण्याचे होते. वऱ्हाडची परिस्थितीही निराळी नव्हती. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. ते उघडावे म्हणून १९२७ साली चळवळ झाली आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. चांदूर बाजारहून निघून तासाभरात पोहोचता येईल अशा त्या मंदिराच्या पायरीशी ज्यांचे आजे-पणजे थांबविले गेले, ती माणसे आज अजिंठ्याच्या चैत्यगृहात स्तूपाला प्रदक्षिणा घालतात. हे १९२७ ते १९५६ या वाटचालीचे फळ आहे. ते सहज मिळालेले नाही, म्हणून त्या तीन-चार तासांचे मोल आपल्याला इतरांहून अधिक आहे.

बाबासाहेबांनी त्याच औरंगाबादेत १९५० साली महाविद्यालय काढले. त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हे उत्तर देणारे भिक्षू. ज्या जिल्ह्यात सोळा वर्षांपूर्वी पाण्याला शिवण्याची बंदी झाली, तेथे त्यांनी प्रश्नोत्तराची परंपरा पुन्हा उभी केली.

काय करता येईल

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. प्रत्येक सहलीच्या आधी विहारात दोन बैठका घ्याव्यात. एकीत वेस्संतर, छद्दन्त, खन्तिवादी यांसारखी तीन-चार जातके वाचावीत. दुसरीत कटहादी, घनामदड, वराहदेव, बुद्धभद्र यांचे लेख अर्थासह समजून घ्यावेत. लेण्यांत गेल्यावर शक्य असेल तेथे प्रथम नऊ, दहा व बारा ही जुनी लेणी पाहावीत आणि नंतर उत्तरकालीन लेण्यांकडे वळावे. म्हणजे मूर्तिविरहित स्तूपापासून महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपर्यंतचा क्रम आपोआप उलगडतो. सोमवारी लेणी बंद असतात आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडले जातात. त्या हिशेबाने लहान गट करावेत. गाईड अवश्य घ्यावा, त्याचा अपमान करू नये, पण त्याला प्रश्न विचारावेत. ज्या गोष्टी वारंवार विचारल्या जातात, त्या तो शिकतो, असा माझा अनुभव आहे.

पाली शिकविणाऱ्या आपल्या संस्थांवरही जबाबदारी येते. ब्राह्मी लिपी वाचू शकणारे, मराठी व वऱ्हाडीत बोलणारे पाच-दहा तरुण-तरुणी प्रत्येक जिल्ह्यातून तयार झाले, तर पुढच्या पिढीला इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणार नाही. जाणलेले दुसऱ्याला न सांगणाऱ्या बक्कुलाच्या स्तूपावर राजाने किती नाणी ठेवली, ते आपण वर पाहिलेच आहे. पदव्या घेऊन गप्प बसणाऱ्या आम्हा अभ्यासकांना ती कथा लागू पडते.

आणखी एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. लेण्यांत अगरबत्ती-मेणबत्ती लावू नये, चित्रांना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. आणि आपल्या मुलांना बजावावे, की भिंतीवर कोणाचेही नाव लिहायचे नाही. 'जय भीम' सुद्धा नाही. स्मिथने केले तेच आपण केले, तर त्याच्या विहारयात्रेत आणि आपल्या धम्मयात्रेत अंतर काय राहिले?

सामी वाढईला आणि कटहादीला आपले नाव कोरण्याचा अधिकार होता, कारण त्यांनी काही दिले होते. आपल्याकडून देण्यासारखी गोष्ट आज एकच आहे: ती नावे बरोबर वाचणे आणि आपल्या मुलाबाळांना बरोबर सांगणे.